पशुपक्ष्यांच्या हद्दी व आपले बांध



चैत्राच्या आरंभी आमच्या अंगणात रोज सकाळी एक लहानसा प्रकार घडत असे. शेजारच्या मुलाची मोटारसायकल कडुनिंबाखाली उभी असे, आणि एक दयाळ पक्षी तिच्या आरशापुढे बसून काचेवर चोची मारीत असे. काचेतील प्रतिबिंब म्हणजे आपल्या जागेत शिरलेला दुसरा नर, अशी त्या बिचाऱ्याची समजूत झाली होती. त्याने चोच मारावी, तर समोरचाही मारी. त्याने पंख फुलवावे, तर समोरचाही फुलवी. चार दिवस हा झगडा चालला. पाचव्या दिवशी त्या मुलाने आरशावर फडके बांधले, तेव्हा पक्षी वरच्या फांदीवर जाऊन पूर्ववत् गाऊ लागला. घरातील मुले हसत होती, परंतु आम्हांस हसू आले नाही. महसूल खात्यात कारकुनी करण्यात आमचे उभे आयुष्य गेले, आणि त्या अवधीत बांधावरून भांडणारी जी माणसे आम्ही पाहिली, त्यांपैकी कित्येकांची मुद्रा आम्हांस त्या पक्ष्याच्या ठिकाणी दिसू लागली.

तेव्हापासून ह्या विषयावर जे वाचावयास मिळाले ते वाचले. पशुपक्षी हद्द कशी धरतात, ती कशी राखतात, तीवरून केव्हा भांडतात व केव्हा भांडत नाहीत, ह्याचा अभ्यास गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ झालेला आहे. आम्ही पंडित नव्हे. शिक्षण व्हर्नाक्युलर शाळेपुरतेच. तथापि जे समजले ते आपल्या बांधांशी ताडून पाहता उपयोगी वाटले, म्हणून हा लेख.

१. हद्द म्हणजे काय?

प्राणी जेथे हिंडतो ती सर्वच जागा त्याची हद्द नव्हे. ती त्याच्या वावराची जागा. जिचे तो आपल्याच जातीच्या इतरांपासून रक्षण करतो, तेवढीच त्याची हद्द होय. चारा, घरटे आणि जोडीदार ही त्या रक्षणाची मुख्य कारणे. दयाळ कावळ्याशी किंवा चिमणीशी हद्दीसाठी भांडत नाही. तो दुसऱ्या दयाळाशी भांडतो, कारण त्याच्या पिल्लांचे किडे खाणारा व त्याची मादी पळविणारा तोच. आपलाही अनुभव हाच आहे. रानडुकराने रातोरात अर्धा एकर भुईमूग उकरला तर आपण दैवास दोष देतो, पण भावकीतल्या माणसाने नांगराचे एक तास इकडे सरकविले तर झोप उडते.

पक्ष्यांच्या हद्दीचा विषय जगापुढे ठळकपणे मांडणारा गृहस्थ इलियट हॉवर्ड हा पेशाने शास्त्रज्ञ नव्हता. इंग्लंडात पोलादाच्या धंद्यात असलेला हा मनुष्य आपल्या फावल्या वेळात पक्षी पाहत असे. १९२० साली त्याने ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, वसंतात नर आधी जागा धरतो, आणि त्याचे गाणे हे पुष्कळ अंशी ‘ही जागा माझी’ असे सांगण्यासाठी असते. पुढे डेव्हिड लॅक नावाच्या शाळामास्तराने तांबड्या छातीच्या रॉबिन पक्ष्याचा काही वर्षे अभ्यास करून १९४३ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यास असे दिसले की, हद्दीत भुसा भरलेला मेलेला रॉबिन ठेवला तरी धनी त्यावर तुटून पडतो. इतकेच नव्हे, तर नुसता तांबड्या पिसांचा झुबका ठेवला तरी पक्ष्याचा राग अनावर होतो. आमच्या अंगणातील आरसा त्यातलाच. हद्दीचा राग हा समोर खरोखर कोण आहे हे पाहत नाही, खूण पाहतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

२. हद्द राखली जाते ती खुणेने

हद्द म्हटली की मारामारी डोळ्यांपुढे येते. वस्तुतः पशुपक्ष्यांत बहुतेक काम खुणेवरच भागते. वाघ झाडांच्या बुंध्यांवर मुताची पिचकारी मारतो, खोडांवर नखे ओढतो, जमीन उकरून ठेवतो. दुसऱ्या वाघास त्यावरून कळते की येथे धनी आहे आणि तो कितपत पूर्वी येऊन गेला. वास दिवसेंदिवस विरत जातो, म्हणून वाघास पुनःपुन्हा फेरा घालावा लागतो. धनी मेला किंवा फेरा थांबला, म्हणजे शेजारचे वाघ आत सरकू लागतात.

ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यावर इंग्लंडात १९७० नंतरच्या दशकात जॉन क्रेब्ज ह्या शास्त्रज्ञाने एक सुंदर प्रयोग केला. रानातील काही हद्दींतून त्याने धनी पक्षी उचलून नेले. काही रिकाम्या हद्दींत त्याच पक्ष्यांचे गाणे कर्ण्यांतून वाजत ठेवले, इतर हद्दी मुक्या ठेवल्या. मुक्या हद्दी लवकर दुसऱ्यांनी व्यापल्या. जेथे गाणे वाजत होते त्या अधिक काळ मोकळ्या राहिल्या. धनी नाही, चोच नाही, पंजा नाही, तरी केवळ खुणेने काही काळ जागा राखली. ह्यावरून हद्दीच्या खुणेचा खरा उपयोग कळतो. ती भांडण लावण्यासाठी नसून भांडण टाळण्यासाठी असते, आणि ती ताजी असावी लागते.

३. ओळखीचा शेजारी व परका

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हद्दी एकदा ठरल्या, शेजारी एकमेकांस ओळखू लागले, म्हणजे त्यांच्यातील चुरस पुष्कळ ओसरते. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या गळ्याच्या एका चिमणीस तिच्या शेजाऱ्याचे गाणे नेहमीच्या बांधाकडून ऐकविले, तर ती फारशी बिथरत नाही. परक्याचे गाणे ऐकविले तर ती चवताळून येते. मौज पुढेच आहे. त्याच शेजाऱ्याचे गाणे विरुद्ध बाजूच्या बांधाकडून वाजविले, तर ती त्यासही परक्यासारखेच वागविते. म्हणजे शेजारी आपल्या जागी आहे तोवर तो शेजारी. जागा सोडून आला की तो परका. जेम्स फिशर ह्या पक्षितज्ज्ञाने १९५४ साली अशा शेजाऱ्यास ‘प्रिय शत्रू’ असे अर्थपूर्ण नाव दिले.

परंतु हा नियम सरसकट नाही. कोकणात आंब्याकाजूच्या झाडांवर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, ज्यांस ओंबील म्हणतात, त्यांचे वर्तन उलटे आढळले आहे. दूरच्या परक्या वारुळाच्या मुंगीपेक्षा शेजारच्या वारुळाच्या मुंगीवर त्या अधिक तुटून पडतात, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. कारण उघड आहे. परकी मुंगी वाट चुकलेली असते. शेजारची झाड बळकवावयास येते. तेव्हा शेजार गोड की कडू, हे शेजारी काय करतो ह्यावर अवलंबून असते. जो आपल्या कडेला राहतो त्याच्याशी शांतता, जो रोज इंचभर सरकतो त्याच्याशी वैर, असा हा हिशेब आहे.

४. राखणीचा खर्च

हद्द राखणे फुकट नसते. गाण्यात, फेऱ्यांत, पाठलागात अंगची शक्ती खर्च होते. केनियात सोनेरी पंखांचा एक शिंजीर आहे. तो फुलांतील मधावर जगतो. १९७५ साली दोन अभ्यासकांनी असे दाखविले की, फुलांत मध बेताचा असेल तेव्हा तो आपला ताटवा राखतो, कारण दुसऱ्यांस हाकलून जो मध वाचतो त्याने राखणीचा खर्च भरून निघतो. मध सर्वत्र विपुल झाला, किंवा इतका थोडा झाला की राखूनही पोट भरेना, म्हणजे तो राखण सोडून देतो. पक्षी लिहित-वाचत नाही, पण जमाखर्च जाणतो.

आपल्याकडेही हे शहाणपण जुने आहे. पीक उभे असता ज्या शेतकऱ्याने मेंढरांस बांधावर फिरकू दिले नसते, तोच सुगी झाल्यावर धनगरास बोलावून आपल्या रानात मेंढ्या बसवितो व वर धान्य देतो, कारण त्या वेळी राखणीपेक्षा लेंडीखताचा लाभ मोठा. बांध तोच, ऋतू बदलला, म्हणून तो मोकळा झाला. हद्द ही कामासाठी आहे, काम हद्दीसाठी नाही, हे ह्या एका चालीत पुरते आले आहे.

५. दोघेही जेव्हा धनी असतात

आता ह्या अभ्यासातील जी गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक लागली ती सांगतो. इंग्लंडातील ऑक्सफर्डजवळच्या रानात एक ठिपकेदार फुलपाखरू असते. झाडीतून जमिनीवर उन्हाचे जे कवडसे पडतात, त्यांपैकी एकेक कवडसा एकेक नर धरून बसतो, कारण माद्या तेथे येतात. दुसरा नर आला, की दोघे गोल गोल फिरत क्षणभर वर उडतात, आणि आलेला निघून जातो. निक डेव्हिस ह्या शास्त्रज्ञाने १९७८ साली लिहिले की, आधी बसलेलाच जिंकतो, मग तो थोडाच वेळ आधी बसलेला का असेना. मग त्याने युक्तीने असे केले की एकाच कवडशात दोन नर असावेत आणि प्रत्येकास वाटावे की धनी मीच. तेव्हा मात्र झगडा नेहमीच्या मानाने कितीतरी पट लांबला. आधी बसलेला का जिंकतो ह्याविषयी पुढील अभ्यासकांनी अंगातील उष्णता वगैरे वेगळी कारणे पुढे केली आहेत. परंतु जेथे दोघेही प्रामाणिकपणे स्वतःस धनी समजतात तेथे भांडण लांबते, हे आम्हांस कोणी शास्त्रज्ञाने सांगावयास नको होते. ते आम्ही कचेरीत पाहिले आहे.

लबाड मनुष्य बांध कोरतो तेव्हा त्याच्या मनास ठाऊक असते की हे आपले नव्हे. तो दम दिला की मागे सरतो. खरे जीवघेणे भांडण दोन प्रामाणिक माणसांत लागते.

६. आपली हद्द : दगड, कागद आणि शाप

माणसाने खुणेच्या कामी पशूंहून पुढे मजल मारली, ह्यात शंका नाही. आपल्या प्रदेशात शिलाहार व यादव काळातील गद्धेगाळ नावाचे दगड जागोजाग सापडतात. त्यांवर सूर्यचंद्र कोरलेले असतात, आणि दिलेल्या जमिनीस बाधा आणील त्यास एक अभद्र शाप चित्ररूपाने दिलेला असतो. वाचता न येणाऱ्यासही तो समजावा. गावच्या शिवेचा वाद पडला, तर पूर्वी महार वतनदाराचा शब्द प्रमाण मानीत, कारण शिवेवरचा दगड न् दगड त्यास तोंडपाठ असे. ज्यांस हद्द सर्वांत चांगली ठाऊक होती त्यांच्या वाट्यास जमीन मात्र अल्प आली, हेही येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

पुढे इंग्रजी अमलात १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट ह्यांच्या पद्धतीची आकारणी सुरू झाली, आणि ती मोजणी हळूहळू मुंबई इलाख्यात पसरली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक नंबराचे टिपण झाले, कोपऱ्यांवर दगड बसले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्याप्रमाणेही हद्दीच्या निशाण्या सुस्थितीत राखण्याची जबाबदारी धारकावरच आहे. वाघाचा फेरा कायद्याने आपल्या पाठीस लावला आहे, असे म्हटले तरी चालेल.

परंतु फेरा घालतो कोण? आजा गेला, बापाने व चुलत्याने तोंडी वाटणी केली, नातवंडांनी आणखी चार हिस्से केले. सातबाऱ्यावर प्रत्येकाचे क्षेत्र लिहिले गेले, पण पोटहिश्श्याची मोजणी कोणी केली नाही. क्षेत्र किती ते कागद सांगतो. ते कोठून कोठपर्यंत, हे सांगावयास नकाशा नाही. मूळ नंबराचा दगड बोरीच्या जाळीत बुडाला. भाड्याचा ट्रॅक्टरवाला परगावचा. त्यास बांध कोणता व तास कोणते हे कोण दाखविणार? येणेप्रमाणे एकाच कवडशात दोन धनी तयार होतात.

७. एक पाहिलेले प्रकरण

आमच्या टेबलावर एक प्रकरण बरीच वर्षे होते. दोघे चुलत भाऊ. मधला बांध दहा साखळ्यांचा, म्हणजे तीनशे तीस फूट. थोरल्याचे म्हणणे, बाभूळ ही हद्द. धाकट्याचे म्हणणे, बाभूळ आपल्या आत एक हात आहे. धाकट्याने रागाच्या भरात बांधावरच्या गाडीवाटेत काटे टाकले, आणि थोरल्याने मामलेदार कोर्टात अर्ज दिला. आम्ही एकदा हिशेब करून पाहिला. दीड फूट रुंद व तीनशे तीस फूट लांब पट्टी म्हणजे चारशे पंच्याण्णव चौरस फूट. गुंठा एक हजार एकोणनव्वद चौरस फुटांचा. म्हणजे वाद अर्ध्या गुंठ्यासही भरत नव्हता. हे आम्ही थोरल्यास बोललो, तेव्हा तो म्हणाला, “भाऊसाहेब, हा जमिनीचा प्रश्न नाही, इभ्रतीचा आहे.” पुढच्या तारखेस धाकटा म्हणाला, “दादा कोरत राहायचे आणि आम्ही बघत बसायचे काय?” धाकटा भर कचेरीत थोरल्याच्या नावाने बोटे मोडीत होता, तरी तोंडी शब्द ‘दादा’ हाच येत होता, हे आम्ही विसरलो नाही.

पुढे एका पेरणीच्या वेळी काठ्या निघाल्या. धाकट्याच्या मुलाचा उजवा हात मोडला. हाड सांधले, पण बोटे अद्याप पुरती मिटत नाहीत. विळा धरता येत नाही. त्यानंतर सरकारी मोजणी झाली. भूकरमापकाने जुने टिपण काढून साखळी धरली, तेव्हा मुळाचा दगड मातीखाली सापडला. बांधच वाकडा होता. वरच्या टोकास थोरला आत आला होता, खालच्या टोकास धाकटा. दोन्ही पट्ट्या जवळजवळ सारख्या. दोघेही खोटे नव्हते. दोघेही आपापल्या टोकावर उभे राहून पाहत होते.

ह्यात आमचाही दोष आहे, तो येथे लिहितो. ते कागद आमच्या हातून कित्येकदा गेले. आम्ही तारखा घातल्या, समन्से काढली, फर्द नीट लावली. परंतु दोघांस बाहेरच्या बाकावर बसवून, ‘एकदा मिळून बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून या,’ इतके साधे वाक्य आम्ही एकदाही उच्चारले नाही. ते आमचे काम नव्हे, असे आम्हांस वाटत असे. त्या मुलाचा हात आठवला की हे समर्थन पुरेसे वाटत नाही.

८. पशूंपासून काय घ्यावे, काय घेऊ नये

कोणी म्हणेल, पशूंत बळी तो कान पिळी असा न्याय चालतो, मग आम्ही का सोडावे? असा अर्थ घेणे चूक होईल. पक्ष्याचा हक्क त्याच्या ताब्यापुरता. आपला हक्क कागदाने, वारशाने व न्यायाने चालतो, म्हणून विधवेचे व अज्ञान मुलाचे शेतही टिकू शकते. ते पक्ष्यांत टिकले नसते.

शिवाय पशूंतही सर्वत्र सौम्यता नाही. टांझानियातील गोंबे येथे जेन गुडाल ह्यांनी पाहिलेल्या चिंपांझींचा एक कळप फुटून दोन झाले. कालचे सोबती आज दोन हद्दींचे झाले. १९७४ ते १९७८ ह्या काळात मोठ्या कळपाने धाकट्या कळपातील नर एकेक करून संपविले आणि त्याची जागा घेतली. परंतु मधला कळप नाहीसा होताच पलीकडचा तिसरा, अधिक बळकट कळप थेट अंगावर आला, आणि जिंकलेल्या जागेपैकी पुष्कळ सोडावी लागली. भाऊबंदकीचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. भावास बुडविले, की भावाची जमीन आपल्यास मिळतेच असे नाही. बहुधा ती खरेदी करणारा तिसराच असतो.

घ्यावयाच्या गोष्टी आम्हांस पुढीलप्रमाणे दिसतात.

(१) सुगीनंतर, नांगरट धरण्यापूर्वी, दोन्हीकडच्या धन्यांनी वर्षातून एकदा बांध मिळून फिरावा. बरोबर तरणी मुले घ्यावी. दगड कोठे आहे ते त्यांस दाखवावे, गवत व जाळी काढावी. दगड कलला असेल किंवा सापडत नसेल, तर आपल्या हाताने सरकवू नये. भूमि अभिलेख कचेरीत अर्ज करून मोजणी मागावी.

(२) वाटणी झाली की पोटहिश्श्याची मोजणी लगेच करून घ्यावी. भाऊ एकमेकांशी बोलत असतात तेव्हाच हे काम स्वस्तात होते.

(३) परगावच्या ट्रॅक्टरवाल्यास बांध स्वतः उभे राहून दाखवावा, व बांधास लागून थोडी जागा न नांगरता सोडावी.

(४) शेजारचे शेत नव्या माणसाने घेतले, तर आपण होऊन त्याच्याकडे जावे व हद्द दाखवावी. परका जितक्या लवकर ओळखीचा शेजारी होईल तितके बरे.

(५) फिर्याद देण्यापूर्वी पट्टीची लांबी व रुंदी गुणून गुंठे काढावे, आणि वकील, हेलपाटे व बुडालेली कामे ह्यांचा खर्च त्याशेजारी लिहावा. शिंजीर पक्ष्यास कळते ते आपणांस कळू नये काय?

(६) कित्येक गावी एकाचे शेत दुसऱ्याच्या ताब्यात व दुसऱ्याचे पहिल्याच्या ताब्यात वर्षानुवर्षे असते. अशांनी अदलाबदल करावी, म्हणून शासनाने २०२३ साली सलोखा योजना काढली व अशा दस्तास मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार रुपये ठेवली. तिची मुदत व अटी ह्यांची चौकशी चावडीवर करावी.

आरशापुढचा दयाळ फडके बांधताच शांत झाला, कारण त्याचा शत्रू मुळी नव्हताच. आपल्या बांधापलीकडे मात्र खराखुरा मनुष्य आहे. त्यास फडक्याने झाकता येत नाही, पण हाक मारता येते. येत्या वैशाखात आपल्या वाचकांपैकी दहा जणांनी जरी शेजाऱ्यास हाक मारून बांध फिरून पाहिला, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू. कोणाच्या गावी मिळून बांध फिरण्याची जुनी चाल अद्याप चालू असेल, तर ती कशी चालते हे त्यांनी मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावे.